साडेसतराशेची बाटली आणि दोन वेण्या

माझ्या डोक्यावर केस नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही झालं ते याच कारणानं माझ्या वाट्याला आलं. अठ्ठाविसाव्या वर्षी गळायला लागले आणि पस्तिशीपर्यंत काम आटोपलं. तेव्हापासून अंगाचा साबण मानेवरून जरा वर नेला की माझं डोकं धुऊन होतं. शॅम्पूशी माझा संबंध म्हणजे महिन्याच्या किराण्यात दोन रुपयेवाल्या पुड्यांची माळ आणून बायकोच्या हाती देणं, एवढाच.

बायको मुलींच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिचे केस कमरेच्या खाली जातात. लग्नात माझ्या मावश्यांनी नवरीपेक्षा तिची वेणीच जास्त वेळ पाहिली होती. शाळेत जाताना ती घट्ट अंबाडा घालते, आणि तो अंबाडा व्हरांड्याच्या टोकाला दिसला तरी मुली रांगेत उभ्या राहतात असं तिच्या शिपाईबाई सांगतात.

तर दिवाळीनंतर एका सकाळी आमच्या हुडकेश्वरच्या घरात, न्हाणीघरातल्या फळीवर, भांडी घासायच्या पावडरच्या डब्यामागे मला एक काळी बाटली सापडली. हातात घेतली तर चांगलीच वजनदार. खाली किमतीचा कागद अर्धवट खरवडलेला होता. चष्मा लावून वाचलं. सतराशे पन्नास. मला वाटलं दशांश चिन्ह खरवडलं गेलं असेल. खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिलं. दशांश चिन्ह नव्हतंच.

"हे काय आहे?" मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"शॅम्पू."

"साडेसतराशेचा?"

"मग? मी कमावते. पार्लरवाली म्हणाली चांगला आहे, मी घेतला." आणि तिनं कुकरची शिट्टी अशी काढली की संभाषण तिथंच संपलं.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याच संध्याकाळी मी तूरडाळ आणायला कोपऱ्यावरच्या डेली नीड्समध्ये गेलो. दुकानदार आमच्या लेआउटमधला, म्हणजे वसाहतीतला, सगळ्यात जुना माणूस. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा इथं त्याचं दुकान आणि एक बाभूळ, एवढंच होतं. त्यानं विचारलं, "साहेब, या महिन्यात शॅम्पूची माळ नाही नेली?" आणि मी त्याला सगळं सांगून बसलो.

त्यानं डाळीचं मापटं पोत्यातच ठेवून दिलं.

"साडेसतराशे? एका बाटलीचे?"

"हो."

"साहेब, तेवढ्या पैशात मी अख्ख्या लेआउटले न्हाऊ घालून देतो. वरून डोकी पुसून देतो." मग त्याचा आवाज एकदम उतरला. "माह्या पुडीत काय कमी हाय, तेवढं सांगा मले. पंधरा वर्षं मॅडमनं हीच पुडी लावली. केस कमरेच्या खाली आले का नाही आले?"

मला वाटलं गंमत करतोय. पण त्याचे डोळे खरंच ओले झाले होते. दुकानात दूध घ्यायला आलेल्या दोन बायका थांबल्या. एक म्हणाली महाग ते महागच असतं, दुसरी म्हणाली नुसता वास विकतात मेले. आणखी चौघं जमले. अर्ध्या तासात आमच्या लेआउटचे दोन पक्ष झाले आणि मी अजून डाळीशिवाय उभा होतो.

"मी काय सांगू गा," मी म्हटलं, "मले तं केसच नाहीत."

"म्हणूनच तं!" दुकानदारानं गल्ल्यावर हात आपटला. "तुमचा कोणत्याच पार्टीत इंटरेस्ट नाही. वरून तुम्ही कोर्टात हाय. तुम्हीच न्याय करा."

मी कोर्टात आहे हे खरं. पण मी लिपिक आहे. फाइली आत नेतो, फाइली बाहेर आणतो, पुढची तारीख लिहून देतो. तीस वर्षांत मला कुणी कशाचाही न्याय विचारला नव्हता. दुकानदारानं विचारला आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

योजना त्यानंच सांगितली. मॅडमच्या डोक्याचा मधोमध भांग पाडायचा. एका बाजूला महिनाभर फक्त ती बाटली, दुसऱ्या बाजूला फक्त त्याची पुडी. दोन्हीकडचे केस एकमेकांत मिसळायचे नाहीत, म्हणून दोन वेण्या. कुठल्या बाजूला काय हे मला कळू द्यायचं नाही. महिन्यानं दुकानासमोर, सगळ्यांच्या देखत निकाल.

हे सगळं घरी बायकोला सांगताना मी दाराजवळ उभा होतो, म्हणजे काही फेकून मारलं तर बाहेर पडता यावं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. हातातली कोथिंबीर खाली ठेवली. थोडा वेळ डाव्या कानामागे बोट फिरवत बसली. मग तिनं एकच गोष्ट विचारली.

"वेण्या कानावरून घेतल्या तर चालतील का?"

"चालतील ना. भांग मधोमध पाहिजे, बस."

"मग होऊन जाऊ द्या," ती म्हणाली.

मला धक्काच बसला. पण न्यायाधीशानं पक्षकाराच्या मनात शिरू नये असं मी स्वतःला समजावलं.

गुपित सांभाळायला पारशिवनीहून सासूबाई आल्या. त्यांचं वय बहात्तर, आणि खोटं बोलणं त्यांना जमत नाही असा अख्ख्या गावात लौकिक. त्या येताना गाठोड्यातून गावचे कांदे घेऊन आल्या. बसमधून उतरल्या उतरल्या मला म्हणाल्या, "जावईबापू, कोन्त्या बाजूले काय लावलं हे फक्त मी जाणन. देवानं इचारलं तरी नाही सांगनार."

बुधवार आणि रविवार हे न्हाण्याचे दिवस ठरले. सकाळी मायलेकी न्हाणीघरात शिरायच्या, आतून कडी. एक बाजू धुताना दुसरीला पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, बांधायची असा नियम होता. मी बाहेर पेपर वाचत बसायचो आणि आतून ऐकू यायचं.

"मान वाकडी कर वं. इकडं नाही, तिकडं."

"आई, डोळ्यात गेलं."

"जाऊ दे. ते महागाचं हाय का सस्त्याचं ते नको सांगू, जावई ऐकून राहिले."

तासाभरानं दोघी बाहेर यायच्या तेव्हा घरभर कांद्याचा वास सुटलेला असायचा. कच्च्या कांद्याचा. पहिल्या दिवशी मला वाटलं भाजी फोडणीला टाकली. मग लक्षात आलं की वास बायकोच्या डोक्याला येतोय, आणि तोही डाव्या बाजूनं. हल्ली शॅम्पूत कांदा घालतात, मोबाइलवर त्याच्या जाहिराती येतात, हे मला माहीत होतं. म्हणजे डावी बाजू महागाची. मी मनातल्या मनात निकालाचा पहिला परिच्छेद लिहून टाकला. न्यायाधीशाला पुराव्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

शाळेत काय झालं ते मला तिच्याकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं. तिच्या शाळेचा नियम आहे, मुलींनी दोन वेण्या घालून रिबिनी बांधायच्या. प्रयोग सुरू झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी प्रार्थनेला मुख्याध्यापिका स्वतः दोन वेण्या घालून, टोकाला लाल रिबिनी बांधून उभी राहिली. सेहेचाळीस वर्षांची बाई. रांगांमधल्या मुली प्रार्थनेचं पहिलं कडवंच विसरल्या. मग आठवीतल्या एका मुलीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्या शाळेनं वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी गणिताची नवीन शिक्षिका दोन वेण्या घालून आली. तिला वाटलं परिपत्रक निघालंय आणि आपल्यापर्यंत पोचलं नाही. तिला पाहून हिंदीच्या बाईंना तेच वाटलं. बायकोनं कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगणार काय? आठवडाभरात सगळ्या शिक्षिका दोन वेण्यांत. ग्रंथपाल बाईंचे केस तर मानेपर्यंतच, त्यांनी दोन शेंड्या बांधल्या. महिन्याच्या मध्ये तपासणीला अधिकारी आले. ते वर्गावर्गांतून फिरले, कुणाला काही विचारलं नाही, आणि जाताना शेरा लिहून गेले की शिक्षिकांची गणवेशाबाबतची शिस्त अनुकरणीय आहे.

इकडे दुकानदाराची झोप उडाली होती. रोज सकाळी बायको स्कूटर काढायची तेव्हा तो दुकानातून धावत यायचा.

"मॅडम, उजवीकडून बरं वाटून राहिलं का डावीकडून?"

"दोन्हीकडून डोकं दुखून राहिलं," ती म्हणायची आणि हेल्मेट घालायची. दोन वेण्या हेल्मेटखालून दोन बाजूंना लोंबायच्या आणि तो त्यांच्याकडे पाहत उभा राहायचा. कुठली वेणी आपली आहे हे त्यालाही माहीत नव्हतं.

निकालाचा रविवार जानेवारीतला. छान ऊन पडलं होतं. दुकानासमोर त्यानं सतरंजी घातली, एक प्लास्टिकची खुर्ची बायकोसाठी आणि एक हात असलेली खुर्ची माझ्यासाठी ठेवली. चाळीसेक लोक जमले. संत्र्याचा हंगाम, त्यामुळे जो तो संत्री सोलत उभा. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सासूबाई ओट्यावर पदर डोक्यावर घेऊन बसल्या, तोंड मिटून, जणू त्यांच्या पोटात बँकेची तिजोरी आहे.

मी आधी वेण्यांची टोकं पाहिली. मग मधला भाग बोटांवरून सरकवला. डावा आणि उजवा. पुन्हा डावा. दोन्हीकडचे केस केसांसारखेच लागत होते. लोकांनी संत्री सोलणं थांबवलं होतं. मी उगाच मान हलवली, कोर्टात साहेब हलवतात तशी.

"मुळापासून पाहा साहेब," दुकानदार म्हणाला. "खरं काय ते मुळात कळते."

"टोकं पाहिली ना, पुरे झालं," बायको पटकन म्हणाली.

"नाही नाही, मॅडम. फेअर झालं पाहिजे."

लोकांनीही गलका केला. मग मी तिच्या मागं उभा राहिलो आणि दोन्ही हात तिच्या केसांत घातले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिच्या डोक्याला शेवटचा हात कधी लावला होता, मला आठवेना. भांगाजवळचे केस पांढरे झालेले मी तेव्हाच पाहिले. माझी बोटं डाव्या कानाकडे गेली तसा तिचा हात वर आला आणि तिनं माझं मनगट धरलं. घट्ट. पण तोवर बोट पोचलं होतं.

कानामागे, वेणीच्या खाली, रुपयाच्या नाण्याएवढी जागा होती. तिथं एकही केस नव्हता. गुळगुळीत, गार, किंचित तेलकट. मला वेगळं काही चाचपायची गरजच नव्हती. असली कातडी मी वीस वर्षं रोज स्वतःच्या डोक्यावर पुसतोय. त्या चाळीस लोकांत ती जागा बोटानं ओळखू शकेल असा मी एकटाच होतो. आणि कांद्याचा वास तिथूनच येत होता.

ती समोर पाहत होती. माझं मनगट सोडत नव्हती.

"काय साहेब?" दुकानदार म्हणाला. "काय निघालं?"

मी वेणी पुन्हा कानावर नीट बसवली आणि रिबीन सरळ केली. "दोन्ही सारखे," मी म्हटलं. "काही फरक नाही. निकाल संपला, आता घरी जा सगळे."

क्षणभर कुणाला कळेना की जिंकलं कोण. सासूबाईंनी गुपित फोडलं, उजवी बाजू बाटलीची आणि डावी पुडीची, पण ते कुणी ऐकलंच नाही. दुकानदाराला मात्र हळूहळू उमगलं. साडेसतराशेचं आणि दोन रुपयांचं सारखंच, म्हणजे तो जिंकला. त्यानं मला मिठी मारली. दुपारपर्यंत त्यानं दुकानाबाहेर पाटी लावली: "साडेसतराशेच्या बरोबरीचा शॅम्पू येथे दोन रुपयांत मिळेल. कोर्टाकडून सिद्ध." ती शेवटची ओळ पुसून घ्यायला मला त्याच्या हातापाया पडावं लागलं. माझी अजून काही वर्षं नोकरी होती.

घरी आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. सासूबाई भिंतीशी बसून कांदा सोलत होत्या.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून. आधी शेंगदाण्याएवढं होतं. पार्लरवालीनं पाहिलं. ती म्हणाली हा शॅम्पू लावा, महिन्यात केस येतील."

"आणि त्यावर आईंनी कांदा चोळला."

"आमच्याकडं सारेच चोळतेत," सासूबाई म्हणाल्या. "कांदा असताना त्या बाजूले बाटली कायले, म्हणून तिथं पुडी लावली. आणि मले तिनं शपथ घातली होती. मी काय करू? तुम्ही बाजूचं इचारलं होतं, भोकाचं नाही इचारलं."

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं ओटा पुसायला घेतला. मग म्हणाली, "तुमचे केस गेले तेव्हा मी किती हसले होते, आठवतं? भाऊबीजेला माझ्या भावांसमोर तुमच्या डोक्यात आरसा पाहून टिकली लावली होती मी. सगळे हसले. तुम्हीपण हसलात. रात्री जेवला नाहीत. मला तेव्हा कळलं होतं. मी विचारलं नाही." तिनं वेणीचं टोक हातात घेतलं. "आता तुमची पाळी आली असती."

मी म्हणणार होतो की मी हसलो नसतो. पण सासूबाई समोर होत्या आणि त्यांच्यासमोर खोटं बोलायला अवघड जातं.

"हसलोच असतो," मी म्हटलं. "एखादा दिवस."

"बघा," ती म्हणाली. आणि रडायच्या बेतात असताना तिलाच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही तिघं त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणजे कॉलेजातली वाटावी अशी पोरगी. तिनं भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं, चाई आहे, घाबरायचं कारण नाही, बहुतेकांना औषधानं केस परत येतात. मग टेबलावर बायकोनं पर्समधून काढून ठेवलेल्या काळ्या बाटलीकडे तिनं पाहिलं.

"यानं येतील का?" बायकोनं विचारलं. अजूनही विचारलं.

"मॅडम, शॅम्पू मळ काढतो. हाही काढतो आणि पुडीतलाही काढतो. वास कुठला आवडतो, कोरडेपणा किती वाटतो, एवढाच काय तो फरक. केस उगवायचं काम त्याच्याकडं नाही."

"आणि कांदा?" सासूबाई पुढं सरकल्या.

"आजी, कांदा पोह्यात घाला."

सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही. त्यांनी डॉक्टरला आपल्या नणंदेच्या दिराची गोष्ट सांगायला घेतली, ज्याच्या डोक्यावर कांद्यानं एवढं रान माजलं होतं की म्हैस शिरली तर सापडली नसती. डॉक्टरनं ती शेवटपर्यंत ऐकली आणि मग बायकोच्या कानामागे बारीक सुईनं चार-पाच इंजेक्शनं दिली. बायकोनं माझं तेच मनगट धरलं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी मी चष्मा लावून गच्चीवर तिच्या डोक्याची पाहणी करायचो. सहा आठवडे काही नाही. सातव्या रविवारी काहीतरी दिसलं, मला वाटलं चष्म्यावर धागा आहे. चष्मा पुसला. लव होती, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर असते तशी, आणि पांढरीशुभ्र. मी ओरडलो तेव्हा शेजारची मंडळी गच्चीवर आली, पण आम्ही कुणाला काही सांगितलं नाही.

बाटली मार्चपर्यंत पुरली. खरं सांगायचं तर तिचा वास फार छान होता, आणि बायकोला ती संपल्याचं वाईट वाटलं. तिनं दुसरी घेतली नाही. पुडीवरही परत गेली नाही. दुकानदारानं दीडशे-दोनशे रुपयांच्या बाटल्या ठेवायला सुरुवात केली होती. त्यातली एक तिनं उचलली तर तो हळूच म्हणाला, "मॅडम, हे चांगलं केलं. पुडीचं काय हाय, शेवटी पुडीच."

कानामागचा गोल भरला तसा तिनं पुन्हा अंबाडा घातला. शाळेतल्या बाकीच्या बाया एकेक करून अंबाड्यावर आल्या, त्याही परिपत्रकाशिवाय. ग्रंथपाल बाईंनी मात्र दोन शेंड्या ठेवल्या. त्यांना म्हणे त्या शोभतात.

गच्चीवरची पाहणी आम्ही बंद केलेली नाही. आता तिथं पाहायला काही उरलं नाही, तरी ती स्टूल घेऊन बसते आणि मी मागं उभा राहतो. परवा तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुमच्या इथं एक आलाय." मी खाली धावत आरशापाशी गेलो. सगळं डोकं चाचपून पाहिलं. गच्चीवरून तिचं हसणं ऐकू येत होतं, आणि मी तरीही आणखी थोडा वेळ शोधत राहिलो.